मुळाशी कोरं राहिलेलं नख

नऊ सिलिकॉनचे हात, चार पाय, एक पाठ. चमच्यासारखं खोलगट नख, फुगीर बोटावर वळलेलं नख, सोरायसिसचे खवले. मित्रांनो, हे सगळं मी रियाधमधल्या माझ्या खोलीत स्वतः ओतलं, स्वतः रंगवलं. कुणाकडे शिकलो नाही.

आज एका ट्रेनिंग सेंटरमध्ये याच हातांवर नर्सेसची परीक्षा होती. आजाराचं नाव घ्यायचं नाही, दिसतं तेवढंच सांगायचं.

रत्नागिरीची शबाना शेवटच्या संधीला बसली होती. नापास झाली की नोकरी खलास. तिच्यासमोर माझा आवडता अंगठा आला. नखाखाली काळपट तपकिरी उभा पट्टा, कर्करोगाची शंका यावी असा.

ती म्हणाली, "तपकिरी पट्टा आहे, पण मुळाशी नख कोरं आहे. मेंदीसारखा बाहेरून लागलेला रंग वाटतो."

परीक्षक डॉक्टरबाई म्हणाल्या, "चूक."

मी चष्मा लावून पाहिलं. कर्करोगाचा पट्टा नखाच्या मुळापासूनच निघतो. मेंदी नखाबरोबर पुढे सरकते आणि मागे कोरी जागा राहते. रंगवताना मी तिथे तांदळाएवढी जागा कोरी सोडली होती.

"मॅडम, पोरगी बरोबर आहे. चुकलोय मी."

शबाना पास झाली. जाताना म्हणाली, "चाचा, बाकी अंगठा एकदम जिवंत हां!"

सेंटरच्या मॅनेजरला सगळा संच आजच विकत हवा होता. म्हटलं, अंगठा दुरुस्त करून देतो.

"अहो, एवढं कोण बघतंय?"

बघणारी नुकतीच दारातून गेली होती. आहे तसाच संच देण्यासाठी त्याने सहा हजार रियाल देऊ केले. मी नाही म्हटलं.