चाचा आणि रिकामा रकाना

चाचा संगणकाशी बोलायचे, आणि तेही रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "दाव की रं बाबा, कुठं लपवलंस?" असं पडद्याला दरडावायचे. सरकारी दवाखान्यातली कारकुनी संपल्यावर ते कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या संस्थेत आले आणि साठीत माऊस धरायला शिकले.

शाहूवाडीकडच्या गरोदर बायकांच्या नोंदी आम्ही ब्राउझरमध्ये उघडायचो. हिमोग्लोबिनच्या रकान्याला अट लावली की तिच्यात बसणारी नावं तेवढी उरायची. त्या बायकांना दवाखान्यात आणायला गाडी जायची.

नवीन असताना मी 'सातपेक्षा कमी' अशी अट लावून यादी छापली. चाचांनी कागद परत केला.

"बरोब्बर सात असलेली कुठं गेली?"

"चाचा, सातपेक्षा कमी म्हटलंय ना."

"मशीनला म्हटलंस. पर ती बाई आजारी हाय की!"

यादी पुरी झाली तरी ते उठत नसत. मग ते रिकामे रकाने शोधत. "आकडाच न्हाय, तर मशीन तिला कमी म्हणंल का जास्त? दोन्हीकडनं गेली ती."

एकदा असं एकच नाव निघालं. लांबची वाडी, आठवा महिना. तपासणीला ती आलीच नव्हती. फोन लागेना, तेव्हा चाचांनी तिथल्या आशाताईंना गाठलं. "आत्ताच्या आत्ता जावा. तिला डोळ्यानं बघा, मगच मला फोन करा." दुपारी फोन आला. बाईला उभंही राहवत नव्हतं. गाडीनं तिला दवाखान्यात आणलं, हिमोग्लोबिन चार भरलं, रक्त चढवावं लागलं. महिन्याभरानं मुलगी झाली. दोघी सुखरूप.

गेल्या वर्षी चाचा लेकीकडं गारगोटीला राहायला गेले. निरोपाचा हार नको म्हणाले. एकदा त्या वाडीला घेऊन चल, एवढंच मागितलं.

बाई अंगणात होती. "कुठलं पावणं?"

"कोल्हापूरचं. हिकडनं चाललोतो."

तिनं आग्रहानं भात वाढला. चाचा पोटभर जेवले, पायांत घुटमळणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले.

गाडीत मी चिडले. "तिला सांगितलं का नाही, चाचा?"

"काय सांगू, पोरी? तुझं नाव आमच्या यादीत आलंच न्हवतं, असं?"