कडावचा ओला बांध आणि आमचे नवे टायर

टायर निवडायला मला तीन आठवडे लागले. लग्नाचा शालू मी चाळीस मिनिटांत पसंत केला होता, हे मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सायकलच्या दुकानदाराला आवर्जून सांगितलं. दुकानदार हसला. मला काही हसू आलं नाही.

गेल्या जानेवारीत कर्जतजवळच्या कडावला कालव्याच्या कडेने सायकलवरून जाताना मिलिंद घसरला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. ते टायर मी निवडलेले होते. सेलमध्ये, स्वस्तात, जवळजवळ गुळगुळीत. वर ‘टायर कसा टणक हवा’ म्हणत पंप मारमारून हवाही मीच भरलेली. हाड दोन-तीन महिन्यांत जुळलं, पण त्यानंतर तो सायकलवर बसला नाही. ‘तुझ्यामुळे झालं’ असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. यंदा डिसेंबर उजाडला तसं मी ठरवलं, की आता पुरे. याला पुन्हा तिथेच घेऊन जायचं आणि सायकलवर बसवायचं. मी विचारलं, तो ‘बरं’ म्हणाला. त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले.

आता तुम्ही विचाराल, थंडीत कसला आलाय चिखल? कर्जतच्या या पट्ट्यात येतो. वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने खाली येतं आणि त्यावर लोक उन्हाळी भात लावतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत वाट चार पावलं धुळीची असते, तर पुढची चार लोण्यासारखी. अशा वाटेला पुढचा टायर ठळक बटनांचा, म्हणजे रबराच्या उंच गाठींचा घ्या, आणि बटनं लांब लांब बसवलेली बघा. जवळ जवळ असली की मधे चिखल भरतो आणि टायर पुन्हा गुळगुळीत होतो. रबर नखाने दाबून पाहा, मऊ असेल तर ओल्या दगडावर धरून राहतं. मागचा टायर जरा कमी बटनांचा चालतो, नाहीतर चढावर मांड्या भरून येतात. रुंदी आम्ही सव्वादोन इंचाच्या थोडी वरच घेतली. सायकलच्या दांड्यात आणि टायरात दोन्हीकडे बोट जाईल एवढी जागा उरते ना, ते आधी तपासा. जोडीला चार हजारांच्या आसपास पडले.

शनिवारी पहाटे साडेपाचला डोंबिवलीहून निघालो, सायकली गाडीच्या मागे बांधून. बदलापूरपर्यंत रस्ता बरा आहे. नेरळला नव्या इमारतींच्या डंपरमागे वीस मिनिटं गेली. कर्जतला पोचून गरम वडापाव खाल्ला, आणि बाजारातल्या इब्राहिमभाईंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात ब्रेक दाखवायला थांबलो. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी ब्रेककडे पाहिलंच नाही, टायर अंगठ्याने दाबला.

“माल एक नंबर आणलाय. पण हवा कोणी भरली?”

मिलिंद आकाशाकडे बघायला लागला.

“मी,” मी म्हणाले.

“दगड केलाय, ताई. ओल्यात टायर जरा बसला पायजे. बसला तर जमीन धरंल. ही बटनं हायेत ना, ती टेकणारच नायत सगली.”

तीन आठवडे वाचन, दोन वह्या, आणि पुन्हा तीच चूक. मला तिथेच रडू यायला लागलं. इब्राहिमभाईंनी मिलिंदला सायकलवर बसवलं, वाकून टायर वजनाने किती बसतोय ते बघत फुस्स फुस्स हवा सोडली, आणि बजावलं, “यापेक्षा कमी नको. आत ट्यूब हाय, दगडावर चिमटंल.” किती झाले विचारलं तर म्हणाले, “हवा काडायचे पैशे नाय घेत आमी.”

कडावला एका किराणा दुकानापाशी विचारून गाडी लावली. कालव्याच्या कडेने सायकलवर मिलिंद पुढे, मी मागे. माझी जीभ काही थांबेना. डावीकडे ओल आहे, सावकाश, ब्रेक दाबू नकोस, दाब, नको दाबू. एकदा त्याने मागे वळून विचारलं, “तू चालवतेस का दोन्ही?”

तो पडला होता तो सिमेंटचा तुकडा आला. कालव्याचं पाणी झिरपून तिथे शेवाळ धरलेलं. मिलिंद उतरला आणि सायकल हातात धरून चालत पलीकडे गेला. मीही चालत गेले. तीन आठवड्यांची टायरखरेदी फुकट गेली असं वाटलं.

पुढे कालव्यातला गाळ काढायला मशीन आडवं लावलेलं, म्हणून आम्ही शेतातून वळलो. आणि काय सुरेख वाट. सपाट, राखाडी, चकचकीत, जणू कोणी हाताने सारवलेली. मिलिंद सायकलवर बसला आणि निघाला. टायर अजिबात घसरले नाहीत, नुसते रुतून धरत होते. अकरा महिन्यांनी त्याची पाठ सायकलवर अशी निवांत दिसत होती. मी उभी राहून फोटो काढले, एक नाही, नऊ.

“अवो दादा, उतरा खाली. कालच लिपलाय तो बांध.”

डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई शेतातून झपाझपा येत होती. मिलिंदच्या मागे दोन बोटं खोल चर पडला होता, आणि एका जागी बांध खचून पाणी खालच्या शेतात चाललं होतं. ती बाई, वनिताताई, घमेलं टाकून वाकली आणि हाताने भोक दाबलं. उन्हाळी भाताआधी बांधाला दोन्ही अंगांनी आणि वरून चिखल लिंपतात, खेकड्यांची बिळं बुजून पाणी शेतात टिकावं म्हणून. वाट नव्हतीच ती, तिच्या दोन दिवसांच्या कष्टांवरून आम्ही सायकल नेली होती.

“आज पान्याची पाली हाय माजी,” ती म्हणाली. “आता गेलं तर परत आठ दिसांनी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिलिंद तोवर बूट काढून चिखलात उतरला होता. “तुमी ऱ्हाऊ द्या, दादा,” ती म्हणाली, पण तो ऐकेना, तेव्हा तिने शिकवलं. टाच टाकायची नाही, आधी बोटं रोवायची. चिखल आपटायचा नाही, तळव्याने दाबायचा. दहा मिनिटं नीट गेली आणि मग त्याचा पाय सरकला. धप्पकन खाली बसला.

मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडचे बगळे उडाले. पळत जाऊन त्याचा खांदा धरला. तो कंबरभर चिखलात बसून हसत होता.

“चिकलात पडून कोनाला काय होतंय?” वनिताताई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, “ताई, तुमीच लई घाबरल्याव गं.”

तासाभराने बांध पुरा झाला. तिने कोरा चहा पाजला, घरी न्यायला वालाच्या शेंगा दिल्या. आमची चूक, आणि शेंगाही आम्हालाच. तुम्ही गेलात तर एवढं लक्षात ठेवा: शेतातली गुळगुळीत राखाडी वाट दिसली की उतरा, आणि विचारा.

रात्री कर्जतबाहेर एका घरगुती मुक्कामाला राहिलो, दोघांचे जेवणासह अठराशे. तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी, मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रविवारी खालापूरच्या बाजूची लाल मातीची जंगलवाट घेतली. सकाळी सागाच्या गळलेल्या पानांवर दव असतं आणि खालचा दगड दिसत नाही, तेव्हा निघायची घाई करू नका. इथे मागचा टायर दोनदा सरकला, पुढचा मात्र हलला नाही. अख्ख्या उतारावर मिलिंद एकदाही सायकलवरून उतरला नाही. मी मागून ओठ घट्ट मिटून होते. खोपोलीत मिसळ खाल्ली आणि संध्याकाळच्या आत घरी आलो.

घरी सायकली न्हाणीघरात घेतल्या. तो जुन्या टूथब्रशने बटनांतली माती काढत होता, मी दारात उभी.

“एवढी भीती बसली होती, तर आधी बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“मला कुठे बसली होती?”

“मग अकरा महिने?”

त्याने मान वर केली नाही. “मी सायकलचं नाव काढलं की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस. दोनदा बघितलं. मग म्हटलं, राहू दे.”

मला वाटत होतं मी त्याला सांभाळतेय. वर्षभर हा माणूस आपली आवडती गोष्ट सोडून मला सांभाळत होता. मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, “माझ्यामुळे पडलास तू.”

“हो,” तो म्हणाला. “हवा जास्त होती. आणि टायरही भिकार होते.”

मला इतकं रडू आलं, की भिंतीला टेकून खालीच बसले. त्याने समजूत वगैरे काही घातली नाही. ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मागचं चाक तू घास.” मी रडत रडत ते घासलं, चांगलं अर्धा तास.