दोनशे चौदा केळी आणि एक रकाना

"मॅडम, असोद्याचा रिपोर्ट कुठपर्यंत आलाय? परवा कोर्टात तारीख आहे."

साहेबांनी केबिनमधूनच विचारलं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "झालाच साहेब. कारणाचा रकाना तर भरूनही झालाय."

खरं तर आरोपीला मी तोवर पाहिलंही नव्हतं.

मी परिवीक्षा अधिकारी. नाव भारदस्त आहे, काम साधं. गुन्हा शाबित झाला की शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश कधीकधी आम्हाला विचारतात, हा माणूस कसा आहे, का केलं त्यानं, तुरुंगात घालू की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडू? आम्ही त्याच्या घरी जातो, गावात चौकशी करतो आणि छापील फॉर्म भरतो. त्यात एक रकाना असतो, 'गुन्ह्यामागील कारण'. या रकान्यासाठी माझ्याकडे चार तयार वाक्यं होती. गरिबी, व्यसन, वाईट संगत, विस्कटलेलं घर. कॉलेजात गुन्हा का घडतो याचे सगळे सिद्धांत पाठ करून मी पेपर लिहिले होते. नोकरीत त्यांची चार वाक्यं उरली. कॉपी, पेस्ट.

असोद्याचे प्रल्हाद आबा साठीच्या पुढचे. केळीचे घड कापणाऱ्या मजुरांच्या टोळीचे म्होरके. त्यांनी वर्षभरापूर्वी यशवंत नानांच्या बागेतली दोनशे चौदा केळीची झाडं घडांसकट आडवी केली होती. माल आठ-दहा दिवसांत निघणार होता. कामही भरदिवसा केलेलं. पळून न जाता आबा कोयता बाजूला ठेवून बांधावर बसून राहिले. केस कोर्टात उभी राहायला वर्ष गेलं, तिथंही पहिल्याच तारखेला कबूल करून मोकळे झाले. आमच्या भागात कुणाची बाग कापणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच विचारावं. पोटच्या पोरासारखी वाढवलेली असते ती. लोकांचं म्हणणं एकच होतं, म्हातारा जेलमध्येच गेला पाहिजे.

मी फॉर्ममध्ये 'व्यसन व संगत' टाकून ठेवलं होतं. भेट उरकायला म्हणून असोद्याला गेले.

आबा ओट्यावर बसले होते. दारू? कधी शिवली नाही. घर? बायको, मुलगा, सून, सगळे एकत्र, शब्दाला मान. गरिबी? बाग कापून छदामही मिळणार नव्हता. आधी कधी पोलीस केस? पोलीस स्टेशनची पायरीच पहिल्यांदा चढले. माझी चारही वाक्यं पाच मिनिटांत बाद झाली. मला त्या माणसाचा रागच आला.

"मग का केलंत आबा?"

"मले सांगता येत नही ताई. मी कापल्या, हे खरं हाये. नही कशाले म्हनू?"

आबांच्या बायकोनं, अक्कांनी, आतून सांगितलं ते असं. बावीस वर्षं नानांच्या बागेतला पहिला घड आबांच्याच हातानं कापला जायचा. घड भरला की नाही, हे ते लांबून नुसतं बघून सांगायचे. त्या वर्षी नाना ऑपरेशनसाठी जळगावला दवाखान्यात होते. नानांच्या मुलानं, किशोरनं, बाहेरची टोळी ठरवली. आबा सवयीनं घड बघायला बागेत गेले तर त्यानं सगळ्यांसमोर त्यांच्या हातातला विळा काढून घेतला. "आबा, तुम्हाला आता घड दिसत नाही. घरी बसा."

त्यानंतर दोन दिवस आबा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन निघाले.

"अपमानातून सूडबुद्धी," मी वहीत लिहिलं. निघता निघता आबांनी मला थांबवलं.

"ताई, नानाच्या बागेतले पिलं जगले का? त्या दिसापासून मी तिकडे गेलो नही, कोनी सांगत बी नही."

"पिलं म्हणजे?"

"केयीच्या बुडाशी कोंब येतो ना, त्याले पील म्हनतात. मोठी केयी एकच घड देते न् संपते. पुढचा घड त्या पिलाचा."

मी सोनगीरकडची, कोरडवाहू भागातली. केळीशी माझी ओळख हातगाडीवरच्या डझनापुरती. जेलच्या दारात उभा असलेला माणूस कोंबांची चौकशी करतो म्हटल्यावर मी शेरा मारला, 'विषयांतर करतो, पश्चात्तापाची जाणीव अस्पष्ट.' हा शेरा कोर्टात गेला असता, तर आबा नक्की आत गेले असते.

फॉर्मवर फिर्यादीच्या सहीची जागा होती, म्हणून नानांकडे गेले. नाना घरी नव्हते, बागेत होते. तिथं पोहोचले तर समोर डोक्यापेक्षा उंच, हिरवीगार बाग. कितीतरी झाडांना घड लटकलेले.

"नाना, कापलेली बाग कुठली?"

"हीच."

"पण ती तर..."

"या मांघे."

नाना मला ओळीत घेऊन गेले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक जुनं, कुजलेलं खोड होतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर तिरपं कापलेलं. नानांनी एकेका खोडावर पाय ठेवत दाखवलं. "घडाच्या वजनानं केयी तिच्या मनानं पडते, ताई. पडली की शेजारचं पील चेंदतं. यानं हरेक केयी हातानं पेलली, वयवली न् दोन ओळींच्या मधी निजवली. दोनशे चौदा. एक पील मोडलं नही. मी सोता मोजले."

मी खाली वाकले. दुसरं खोड पाहिलं, तिसरं, दहावं. प्रत्येक काप पिलाच्या उलट बाजूला उतरलेला. एवढ्या संतापात, भर उन्हात, साठी उलटलेला माणूस घडासकटचं एकेक झाड खांद्यावर घेऊन आडवं ठेवत होता. उद्ध्वस्त करताना सांभाळत होता. मी मोबाइल काढून एकेका खोडाचा फोटो घेतला.

"तुम्हाला राग नाही आला नाना?"

"राग हाये! लई हाये. माह्या हातचा घास नेला त्यानं. पन बाग मारली नही. मारता आली असती."

परत येताना बसमध्ये आमचे कॉलेजातले सर आठवले. ते म्हणायचे, माणसं गुन्हा का करतात हे सगळेच विचारतात. बाकीची माणसं का करत नाहीत, हे विचारा. माणसाला कशानं तरी धरून ठेवलेलं असतं, ते शोधा. मी त्यावर पेपरात चांगले मार्क मिळवले होते. अर्थ मात्र केळीच्या बुडाशी वाकल्यावर कळला.

रात्रीचा दिवस वगैरे केला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून अहवाल पुन्हा लिहिला. साहेबांनी वाचून चष्मा काढला.

"कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंय? 'कारण अपमान. परंतु आरोपी कुठे थांबला, हे पाहणे अधिक आवश्यक.' खाली आणखी एक पान खोडांचं वर्णन!"

"सोबत फोटोही आहेत साहेब."

"कोर्ट हसेल."

"हसू दे. आधीचा रिपोर्ट गेला असता तर मला रडावं लागलं असतं."

कोर्ट हसलं नाही. न्यायाधीशांनी फोटो दोनदा पाहिले आणि नानांना त्यांचं म्हणणं विचारलं. नाना उभे राहून म्हणाले, "साहेब, मोठ्या केयीचा तो गुन्हेगार हाये. आता उभ्या हायेत त्या त्यानंच राखल्या." आबांना हमीवर सोडलं, वर्षभर माझ्या देखरेखीखाली. आबा कठडा धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे जगले?"

मी मान डोलावली. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

देखरेखीची माझी तिसरी भेट नेमकी कापणीच्या दिवशी पडली. नानांनी आबांना बोलावणं धाडलं होतं. किशोरनं खाली मान घालून विळा पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. ओळीतून चालत गेले, घडावर हात ठेवत म्हणाले, "हा काप. हा राहू दे, चार दिवस कमी हाये." किशोर कापत गेला.

त्यानंतर कारणाचा रकाना मी ऑफिसात भरत नाही. जागेवर जाते, आणि आधी पायाखाली बघते.