टेपवर ठेवलेली वही

ओळ वाचून झाली की तो टेपरेकॉर्डरचं बटण बंद करायचा आणि म्हणायचा, "आता आई सांगेल."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कतारात, उम्म सलालच्या वाटेवर आमचा कॅम्प होता, एका खोलीत आठ जण. तो वेल्डर, नवापूरकडचा ख्रिस्ती आदिवासी. शुभवर्तमान आपल्या मावची बोलीत एका वहीत उतरवत होता. पाद्री मराठीत वाचतो ते आईपर्यंत पोचत नाही, एवढंच कारण. कॅम्पात मावची कळणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून कॅसेट घरी जायची आणि आईचा निकाल कॅसेटवरच यायचा.

एकदा ऐकता ऐकता तो हसत सुटला.

"काय म्हणतात आई?"

"म्हणते, तुझा येशू शाळामास्तरासारखा बोलतो. जरा माणसात आण त्याला."

अख्खं पान खोडून त्याने पुन्हा लिहिलं.

मी सातवीत शाळा सोडलेला. सुरुवातीला माझे वेल्डिंगचे जोड गळायचे. फोरमन यायच्या आत तो ते पुन्हा मारायचा. "यल्ला, चल, तू चहा आण." माझी नोकरी त्याच्यामुळे टिकली. असे लोक तुम्हीही पाहिले असतील; आपण उपकार केलेत हे त्यांच्या गावीही नसतं.

खोलीचा एक नियम होता. टेपवर ठेवलेली कॅसेट म्हणजे ऐकून झालेली. ती कुणीही पुसून वापरावी. एका शुक्रवारी माझ्या धाकट्या लेकीच्या तापाचं पत्र आलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तो आंघोळीला गेला होता. मी टेपवरची कॅसेट घातली आणि घरच्यांसाठी बोलत सुटलो.

"इथली कॅसेट?" त्याने येऊन विचारलं.

शेवटच्या अध्यायावरचं आईचं बोलणं होतं त्यात. त्याने अजून ऐकलंही नव्हतं.

"मीच वर ठेवली," तो म्हणाला. "परत विचारू आईला."

परत विचारायच्या आत तार आली. आई गेली.

कॅसेट मी अजून पाठवली नव्हती. त्याने ती लावली. मी गोळ्यांचं सांगतोय, मध्येच रडतोय. माझं संपल्यावर त्याच्या आईचा खोकला, एक कोंबडी, आणि खट्. खलास.

त्यानंतर त्याने पेन धरलं नाही.

"लिही ना रे," मी एकदा धीर करून म्हणालो.

"बरोबर की चूक, सांगणार कोण?"

कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा तो मी ड्यूटीवर असताना निघून गेला. संध्याकाळी आलो तर त्याची खाट मोकळी होती. ट्रंक नेली होती, पेनसुद्धा नेलं होतं.

वही तेवढी टेपवर ठेवली होती.