कपाळापासून जमिनीपर्यंत

सोफाचाचांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटीवर झाडाची फांदी येऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. धंदा सोफे-खुर्च्या नव्यानं मढवण्याचा. लोकांना मऊ बसायला मिळावं म्हणून तीस वर्षं ते स्वतः टणक स्टुलावर बसत आले. पोटानं मात्र या त्यागाची दखल घेतली नाही. ते आपलं मऊ मऊ वाढत गेलं. काटा एकशे चार किलोवर थांबायचा. गुडघे इतके बोलके झाले होते, की चाचा जिना चढून येताहेत हे दारावरची घंटा वाजण्याआधी घरात कळायचं.

सहा वर्षांपूर्वी याच गुडघ्यांनी सजद्याला, म्हणजे नमाजात कपाळ जमिनीला टेकवायला, साफ नकार दिला. चाचांनी मशिदीच्या मागच्या कोपऱ्यात एक खुर्ची नेऊन ठेवली. बसल्या बसल्या पुढे झुकायचं, तोच सजदा. आजारी माणसाला ही मुभा आहे.

घात केला तो कारागिरीनं. साधी लाकडी खुर्ची पुरली असती, पण चाचांना साधं काही बनवताच येत नसे. बुडाखाली चार इंची फोम, पाठीला बेताचा उतार, दोन्ही हातांना गादी. वर्षभरात आणखी पाच जणांनी तसल्याच खुर्च्या करून घेतल्या. त्यातले दोघं खरोखर आजारी होते. उरलेले तिघं खुर्ची पाहून आजारी पडले.

आणि मग ती पहाट आली. चाचा सजद्यासाठी खुर्चीतच पुढे झुकले आणि झुकलेलेच राहिले. नमाज संपली, दुआ झाली, लोक उठायला लागले. चाचा हलेनात.

"काय तल्लीनता आहे बघा," त्यांचा शाळासोबती टेंपोवाला शेजाऱ्याला म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

तेवढ्यात चाचा घोरले.

मशिदीत कुणी हसलं नाही, मशिदीत हसत नाहीत. सगळे बाहेर चपला घालताना हसले.

घरी चाचांनी समोरचा चहा बाजूला सारला. "मी अल्लाहसमोर झोपलो," ते बायकोला म्हणाले.

"माझ्यासमोर रोज झोपता. मी कधी काही बोलले?"

पण चाचांना लागलं होतं ते हसणं नव्हे. सजद्यात माणूस अल्लाहच्या सगळ्यात जवळ असतो, असं त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी शिकवलं होतं. सहा वर्षं आपण ही भेट आरामखुर्चीत रेलून उरकतो आहोत, गिऱ्हाईक बसतं तसं, हे त्यांना त्या सकाळी एकदम दिसलं. त्यांना जमीन हवी होती. मरायच्या आधी पुन्हा एकदा तरी कपाळ तिथं टेकायला हवं होतं.

इमामसाहेब वयानं चाचांच्या मुलासारखे. चाचांनी विचारलं, "माझी खुर्चीवरची नमाज चालते ना?"

"ज्याला खाली बसवत नाही त्याची अगदी पूर्ण चालते. त्यात कसलाही कमीपणा नाही."

"मग मला खाली बसवत नाही, असंच ना?"

"ते मला काय विचारता, चाचा? ते डॉक्टरांना विचारा. मी आत्म्याचं बघतो, वंगणाचं नाही."

डॉक्टरबाईंनी गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला, गुडघे हलवून पाहिले, रक्तातल्या साखरेचा कागद वाचला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गुडघे वयाच्या मानानं बरे आहेत. बिचारे दोन माणसांचं काम एकट्यानं करताहेत. वजन उतरवा, रोज चाला आणि रोज थोडं थोडं खाली बसून उठायला शिका. घाई करायची नाही."

"किती दिवस?"

"वाढवायला किती लागले?"

चाचा खजील झाले, आणि खजील माणूस वाचायला लागतो. घरातल्या धर्माच्या पुस्तकात सगळं होतंच: पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचं पुण्य. चाचांनी हे पूर्वीही बरेचदा वाचलं होतं, जेवता जेवता.

मशीद घरापासून सहाशे पावलांवर. तिथं ते स्कूटरवर जायचे, म्हणजे देणारा द्यायला बसला होता आणि यांनी झोळी घरी ठेवली होती. आता पाच वेळा जाऊन-येऊन पायी. रात्रीची नमाज झाली की गप्पांचा अड्डा बंद, थेट झोप. त्यामुळे पहाटे जाग आपसूक यायला लागली. ताटातला बदल जरा कठीण गेला. पहिल्या दिवशी चाचांनी भूक असताना हात धुतले तेव्हा बायकोनं विचारलं, "मीठ जास्त झालंय?"

"नाही गं, श्वासासाठी जागा ठेवली."

"इतकी वर्षं काय नाकानं जेवत होता?"

दुकानात चार वाजता बिस्किटं येत. मढवणारा कारागीर बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मूठभर तोंडात धरतो आणि जिभेनं एकेक पुढे काढून ठोकतो. तोंडात चुका असताना बिस्कीट खाता येत नाही, हे तीस वर्षं चाचांच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण बिस्कीट आलं की ते चुका काढत. आता चार वाजले की ते तोंड चुकांनी भरू लागले. एकदा इमामसाहेब दुकानात आले आणि म्हणाले, "तोंडात काय आहे?"

"चुका," चाचा कसेबसे म्हणाले.

"त्या सगळ्यांच्याच तोंडात असतात. तुमच्या निदान लाकडात जातात, कुणाच्या काळजात नाही."

खाली बसून उठण्याचा सराव वेगळा करायला सवड नव्हती, म्हणून चाचांनी स्टूल आणि काम उंचावर ठेवायची लाकडी घोडी दोन्ही माळ्यावर टाकली आणि काम जमिनीवर घेतलं. एका खुर्चीमागे वीस वेळा तरी उठबस. सुरुवातीला भिंतीचा, कपाटाचा, देवदयेचा आधार घ्यावा लागे. एकदा तर खाली बसले ते उठताच येईना, आणि नेमकं गिऱ्हाईक दारात. चाचांनी प्रसंग ओळखून सोफ्याखाली डोकं घातलं आणि अर्धा तास त्याच्या स्प्रिंगा तपासल्या. गिऱ्हाईक गावभर सांगत सुटलं, असा बारकाईनं काम करणारा माणूस पाहिला नाही.

चौथ्या महिन्यात काटा ब्याण्णववर आला आणि चाचांना वाटलं, जमलं. दुपारच्या नमाजात त्यांनी खुर्ची सोडली आणि ते रांगेत उभे राहिले. खाली गेले. कपाळ टेकलं. मग उठायची वेळ आली. खाली जायला हिंमत पुरते, वर यायला मांड्या लागतात. चाचा तिथंच. नमाज संपल्यावर टेंपोवाल्यानं आणखी एकाला बोलावलं आणि दोघांनी त्यांना उचललं.

"खालून धर, खालून! हां, आता फिरव. कोपरा खांबाला लागेल!" टेंपोवाला सवयीनं ओरडला.

या वेळी लोक आतच हसले.

संध्याकाळी चाचा मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी वाढप जास्त मागितलं. बायकोनं डाव हातात तसाच धरला.

"झालं पोट भरून रुसणं?"

"दोघांनी उचललं मला. सामानासारखं."

"चार महिन्यांपूर्वी दोघांना झेपला असतात का? चार लागले असते," ती म्हणाली. "माणसं अर्धी झाली आणि तुम्ही तोंड पाडून बसलात."

चाचांनी हिशेब मनात करून पाहिला. तो बरोबर होता. त्यांनी ताट सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम तीन खुर्च्यांचं काम जमिनीवर मांडलं.

आणखी तीन महिने गेले. चाचांनी कुणाला काही सांगितलं नाही. तोंडात चुका होत्याच. मग एका पहाटे, काटा त्र्याऐंशीवर असताना, ते सरळ पहिल्या रांगेत टेंपोवाल्याच्या शेजारी उभे राहिले. टेंपोवाल्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि बाह्या थोड्या वर घेतल्या.

इमामसाहेब सजद्यात गेले. चाचा गेले. सतरंजीला धुतल्याचा वास होता. कपाळ टेकलं, नाक टेकलं. पहिला सजदा, दुसरा. मग इमामसाहेबांची 'अल्लाहू अकबर' ही तकबीर झाली आणि चाचा उठले. हात गुडघ्यावर नाही, भिंतीवर नाही, शेजाऱ्यावर तर नाहीच. गुडघ्यांनी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजाच्या दुसऱ्या फेरीत, पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

शेवटी मान वळवून सलाम फेरताना चाचांनी उजवीकडे पाहिलं. टेंपोवाला रडत होता. या वेळी चाचा घोरणार नाहीत याची खात्री नसतानाही.

"आता काय?" तो नाक पुसत म्हणाला.

पहाटेची नमाज पुरी झाली होती. आता कुणी काही मागत नव्हतं, धर्मही नाही, डॉक्टरबाईही नाहीत. चाचा म्हणाले, "आता हा माझा," आणि आभाराचा एक सजदा करायला आपणहून पुन्हा खाली गेले.