भिंतीवरची ताई

"मधून जाऊ नकोस रे, तिच्या अंगावर सावली पडते."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे संध्याकाळी गेलं की आधी हे ऐकावं लागे. मग प्रोजेक्टरचा झोत चुकवत, वाकून कोचापर्यंत जायचं. पाण्याचं विचारण्याआधी पाहुण्याला वाकायला लावणारं अख्ख्या बिबवेवाडीत हे एकच घर असावं.

भिंतीवर ताई असत, काकूंची थोरली बहीण. दोघींनी लग्न केलं नाही, जन्मभर एकत्र राहिल्या. ताई गेल्या त्याच आठवड्यात भाच्याने फोनवर त्यांचं चित्रण केलं होतं. मागाहून प्रोजेक्टरही त्यानेच आणून दिला. ताई गॅलरीत खुर्चीवर लसूण सोलताहेत, मग दाराकडे मान वळवतात. नेमक्या त्या क्षणी काकू रिमोटवरचं, चित्र गोठवणारं 'फ्रीज' बटण दाबत. आवाज आधीच बंद केलेला असे. मग ताई तशाच, मान वळवून, तासन्‌तास भिंतीवर बसून राहत. खरं सांगतो, मला तिथे चहा गोड लागत नसे. तुम्हालाही लागला नसता.

पुढे काय आहे, असं मी एकदा विचारलं. "पुढे ती उठते," काकू म्हणाल्या. "तिच्यासाठी फोन आला होता. मीच हाक मारली. ते मी बघत नाही."

एकदा प्रोजेक्टरवर तांबडा दिवा लागला म्हणून त्यांनी मला बोलावलं. हिरवा म्हणजे चालू, केशरी लुकलुकला की यंत्र गार होतंय, एवढं त्यांना ठाऊक होतं. तांबडा नवा होता. आतला दिवा अजून चालतोय, पण लवकरच बदलावा लागेल, असं मी सांगितलं. बोलण्याच्या ओघात हेही सांगितलं की फ्रीजने फक्त भिंतीवरचं चित्र थांबतं; आत चित्रण चालूच राहतं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

काकूंनी भिंतीवरच्या ताईंकडे पाहिलं.

"म्हणजे मी इथे धरून बसते, आणि ती आत दर फेरीला उठून जाते?"

काकूंनी तेच बटण पुन्हा दाबून चित्र सोडलं. भिंतीवर नुसती रिकामी खुर्ची आली. थोड्या वेळाने एक बाई येऊन तिच्यात बसल्या आणि उरलेला लसूण सोलू लागल्या.

"ही कोण?" काकूंनी हळूच विचारलं.

"अहो काकू, तुम्हीच."

त्या भिंतीजवळ जाऊन निरखून बघू लागल्या.

नवा दिवा बसल्यावर त्या रिकामी खुर्चीच थांबवून ठेवू लागल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, तिच्यातून कुणी उठून जात नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी काकूंनी दार उघडलं नाही. भाच्याने धायरीहून येऊन किल्लीने उघडलं. त्या कोचावर बसल्याबसल्याच गेल्या होत्या. प्रोजेक्टर रात्रभर चालू राहून तापला होता. भाचा रडवेल्या आवाजात मला म्हणाला, आधी ते बंद करा.

भिंतीवर खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यात काकू होत्या, दाराकडे मान वळवून गोठलेल्या.

मी बंद करण्याऐवजी फ्रीज सोडलं. आत कितवी फेरी चालू होती कोण जाणे, पण काकू नेमक्या खुर्चीतून उठत होत्या. माझा अंगठा बटणावरच होता. थांबवावं असं फार वाटलं. पण मी त्यांना ताईंच्या मागे जाऊ दिलं.