झुलालच्या वाट्याची वेल

आमच्या धुळ्याच्या गल्लीत सुंदरबाईंना सगळे गरीब गाय समजत. मी त्यांच्या समोरच राहत होतो, ती गाय शिंग कसं मारते ते मी पाहिलंय.

त्यांच्या नवऱ्याने, कौतिकरावांनी, नाशिकहून काडी आणून परसात द्राक्षाची वेल लावली होती. १९२९ साली ते गेले आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत दीर झुलाल पाचोऱ्याहून वाटणी मागायला आला, तो इथेच राहिला. भिंत त्याने अशी घातली की वेल नेमकी त्याच्या बाजूला गेली. बाईंनी पदर पसरला. "येल मना वाटाले उनी, वहिनी," एवढंच तो म्हणाला.

त्या मेल्या झुलालला फक्त चैत्रातले घड माहीत होते. दसरा झाला की कौतिकराव वेल छाटून बोडकी करत, तेव्हा कुठे घड धरत. हे बाईंनी त्याला सांगितलं नाही. उलट दर दसऱ्याला सोनं द्यायला जाऊन बजावत, "भाऊ, हिरवा येलले इळा लावू नका. घरनी लक्ष्मी शे ती." हिरव्या वेलीला धार लावणं आमच्याकडे पापच, त्याला पटलं.

सात वर्षं वेल छपरावर नुसती माजली. शेणखत झालं, नवस झाले, हाती आले चार आंबट मणी. मला तर भारी मजा वाटायची.

आठव्या दसऱ्याला झुलालचं डोकं फिरलं. कोयत्याने त्याने वेल सपासप तोडली, काड्या गल्लीत फेकल्या. बाईंनी त्या सरपणाला म्हणून वेचून नेल्या. दिवाळीनंतर तो कुदळ घेऊन खोड उपटायला आला, तेव्हा खुंटांवर कोवळे फुटवे आले होते. भिंतीवरून बाईंनी पाहिलं. एका शब्दाने नवऱ्याच्या हातची वेल वाचली असती. त्या गप्प राहिल्या.

खोड उपटून पडल्यावर मात्र त्या पलीकडे गेल्या. फुटव्यातला मोहरीएवढ्या मण्यांचा झुबका त्याच्यासमोर धरला. "दखा भाऊ, बठ्ठा घड आठेच शेतस. फक्त छाटनी पाहिजे व्हती."

सगळे घड त्या फुटव्यांतच असतात, हे झुलालला तेव्हा कळलं. बाईंच्या परसात तोवर सरपणाच्या काड्या मातीत खोचलेल्या होत्या.

तिसऱ्या चैत्रात त्या काड्यांच्या वेलीचा पहिला घड बाईंनी ताटलीत झाकून दिराकडे धाडला. मीच नेला. तो खाताना रडत होता. परत येऊन मी तसं सांगितलं, तर बाईंनी विचारलं, "गोड लागना का त्यासले?"